सत्कार पुरे, आता एक खोली द्या

दरवर्षी इंटरचा निकाल लागला की आपल्या समाजात गुणवंतांच्या सत्काराची लगबग सुरू होते. शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र, पाहुण्यांचे लांबलेले भाषण आणि शेवटी चिवडा-लाडू. आमचा याला विरोध नाही. मुलांचे कौतुक झालेच पाहिजे. पण सत्कार झालेल्या मुलाचे पुढे काय होते, याची चौकशी आपण कधी केली आहे काय? एमपीसीत हजारापैकी साडेनऊशेवर गुण मिळवलेली मुले बी.एस्सी.ला किंवा इंजिनिअरिंगला गेली की दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात गणितात अडखळतात, असे आमच्या पाहण्यात आहे. मुले मंद नाहीत. दोन वर्षे त्यांना एकच कसरत शिकवलेली असते. एम्सेटमध्ये (२०२४ पासून त्याला ईएपीसेट म्हणतात) १८० मिनिटांत १६० प्रश्न. तिथे विचार करणारा मागे पडतो, पाठ करणारा पुढे जातो.

लंबकाचे उदाहरण घ्या. झोक्याला किती वेळ लागतो याचे सूत्र या मुलांना झोपेतही म्हणता येते. त्या सूत्राला एक अट असते: झोका लहान असला पाहिजे. लहान म्हणजे किती? हे कोणी विचारत नाही आणि विचारले तर "परीक्षेला येत नाही" असे उत्तर मिळते. खरी गोष्ट अशी की, मोठ्या झोक्याचे समीकरण नेहमीच्या कागदी रीतीने सुटत नाही, म्हणून पुस्तकात कोनाच्या ज्येच्या जागी कोनच घेऊन वाट सोपी केलेली असते. आता तेच समीकरण संगणकावर आठ-दहा ओळींत मांडा आणि झोका क्षणाक्षणाने मोजायला सांगा. दहा अंशांच्या झोक्याला पुस्तकी सूत्र शेकड्याला पावही चुकत नाही. साठ अंशांवर खरा वेळ सात टक्क्यांनी वाढतो आणि नव्वदवर अठरा टक्क्यांनी! साठ अंशांवर झुलणारे घड्याळ पुस्तकी सूत्रावर विसंबून बनवले, तर ते दिवसाला दीड तासाहून अधिक मागे पडेल. हा आलेख ज्या मुलाने स्वतः काढला, त्याला सूत्रामागची अट जन्मभर विसरता येणार नाही.

हे करायला लागणारे सॉफ्टवेअर महाग असते, हा समज जुना आहे. मॅटलॅब, मॅथेमॅटिका यांना पैसे पडतात हे खरे. परंतु सायलॅब (मूळ फ्रान्सच्या सरकारी संशोधन संस्थेतले), मॅक्सिमा आणि पायथन ही तिन्ही मुक्त आहेत, शिकणाऱ्याला जिओजेब्राही फुकट मिळते आणि ते तर मोबाईलवर चालते. चोरीच्या सीडीवर शिकण्याचे दिवस आता गेले.

आणि हे शिकवणार कोण, असे कोणी म्हणेल. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने केंद्र सरकारच्या पैशातून स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प उभा राहिला. सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ; पडद्याच्या एका बाजूला पाठ चालू ठेवायचा, दुसऱ्या बाजूला स्वतः करून पाहायचे. यातले कित्येक पाठ मराठीत ऐकायला मिळतात. पडद्यावरचा मजकूर मात्र इंग्रजीतच राहतो, आणि आम्हाला ही योजना फार शहाणपणाची वाटते: समजते मातृभाषेतून, पण हात इंग्रजी आज्ञांना सरावतो आणि नोकरीत अडत नाही. त्याच आयआयटीच्या फॉसी प्रकल्पात विद्यार्थ्यांनी नामांकित पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये उतरवून सर्वांसाठी खुली केली आहेत. करणाऱ्याला मानधनही ठेवलेले होते. आपल्या किती घरांत ही गोष्ट पोचली आहे?

मातृभाषेतून विज्ञान म्हटले की नाक मुरडणाऱ्यांना आपल्याच शहराची आठवण करून द्यावीशी वाटते. १९१७ साली इथे भाषांतराचे स्वतंत्र खाते, दारुल तर्जुमा, निघाले आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. गणित, पदार्थविज्ञान, वैद्यक, सारे उर्दूतून. पोलीस ॲक्शननंतर ते माध्यम गेले. ती आपली भाषा नव्हती, आपल्या आजोबांना ती शिकूनच पुढे जावे लागले, हे दुःख वेगळे; पण भारतीय भाषेत उच्च गणित शिकवता येते, हे गौलीगुड्यापासून चार-पाच मैलांवर सिद्ध झालेले आहे.

आता दुसरी बाजू. यंत्र म्हणेल ते ब्रह्मवाक्य, असे मानणारी पिढीही आम्हाला नको. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा. उत्तर येते ०.३०००००००००००००००४! कारण यंत्र दोनाच्या पटीत मोजते आणि आपल्याला जसा एकतृतीयांश दशांशात पुरा लिहिता येत नाही, तसा त्याला एकदशांश पुरा लिहिता येत नाही. एका पैशाचा फरक निघाला तर संध्याकाळी खुर्ची सोडता येत नाही, अशा नोकरीत आयुष्य काढणाऱ्या आम्हाला हे पाहून घामच फुटला होता. म्हणूनच पैशाचा हिशेब संगणकावर वेगळ्या रीतीने ठेवावा लागतो. हा विनोदाचा विषय नव्हे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील दहरान येथे अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेच्या घड्याळात सेकंदाच्या एकदशांशाची हीच चूक शंभर तास साचत गेली, येणारे क्षेपणास्त्र अडवले गेले नाही आणि २८ सैनिक मेले.

आपले द. रा. कापरेकर, देवळालीचे शाळामास्तर. कोणताही चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतो. ते त्यांनी कागद-पेन्सिलीवर शोधले. आज इंटरचा मुलगा छोटासा प्रोग्रॅम लिहून सर्व ८,९९१ आकडे क्षणात तपासू शकतो. पण ६१७४च का, हे यंत्र आपणहून सांगत नाही. तिथे पुन्हा वही उघडावी लागते. म्हणून आधी वही, मग यंत्र, मग पुन्हा वही, हा क्रम ठेवूनच शिकवले पाहिजे.

मंडळापुढे आमचे म्हणणे साधे आहे. एक खोली, आठ संगणक, एक इन्व्हर्टर. कार्यालये चार-पाच वर्षांनी संगणक बदलतात. त्या जुन्या यंत्रांवर सायलॅब उत्तम चालते. १९०७ साली निजामी राजवटीत आपल्या माणसांनी विवेकवर्धिनी उभी केली, तेव्हा त्यांच्यापाशी आपल्याहून कितीतरी कमी होते. कोठीचे महिला महाविद्यालय २०२२ मध्ये विद्यापीठ झाले. इथल्या मुली तिथे चालत जातात आणि संध्याकाळी परतताना तास-दोन तास या खोलीत सहज बसू शकतील. शिकवायला पगारी मास्तर नको. माधापूर-कोंडापूरला मराठी इंजिनिअर मंडळी मोठ्या संख्येने आली आहेत. ती गणेशोत्सवाला तिकडेच भेटतात, इकडे फिरकत नाहीत, आणि आपणही त्यांना कधी बोलावले नाही. वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन त्यांच्या दारी जाण्यापेक्षा महिन्यातला एक रविवार मागावा.

राहिला राजकारणाचा प्रश्न. निवडणूक जवळ आली की सर्व पक्षांचे उमेदवार आपल्याकडे येतात, "मराठी समाजाला भवन देऊ" म्हणतात आणि आपण टाळ्या वाजवतो. यावेळी भवनाच्या आधी दोन गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, या खोलीसाठी जागा आणि विजेचे बिल. दुसरी, सरकारी पदवी महाविद्यालयांत गणित आणि भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांना मुक्त सॉफ्टवेअर चालावे आणि प्रयोगशाळा सुट्टीच्या दिवशीही उघड्या राहाव्यात. तेलुगू आणि उर्दू भाषिक शेजाऱ्यांनाही हेच हवे आहे. त्यांना बरोबर घेतले तर मागणीचे वजन वाढेल.

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. अनुमोदक हवा आहे. ज्यांच्या घरी यंदा मुलगा किंवा मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे, त्यांनी सभेला येताना त्यांनाही बरोबर आणावे. त्यांच्या वेळापत्रकात कोणता वार मोकळा आहे, ते त्यांनाच विचारून ठरवू.