कोड कोणी वाचायचा?

नागरी सहकारी बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी काम करते. हिंजवडीतली काचेची इमारत डोळ्यांसमोर आणू नका. खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर आम्ही. इतरांनी लिहिलेला कोड वाचायचा आणि तो बँकेत जाऊ द्यायचा की नाही ते ठरवायचं, हे माझं काम. लिहिणाऱ्याला शाबासकी आणि वाचणारीला शिव्या, असा या खात्याचा जुना रिवाज आहे. पण लिहिणं आता जवळजवळ फुकट झालं आहे, आणि त्यामुळे या वाचण्याबद्दल चारचौघांत बोलायची वेळ आली आहे.

2021 मध्ये गिटहबचा एआय मदतनीस कोपायलट आला तेव्हा तो आपण सुरू केलेली ओळ पूर्ण करून द्यायचा. आता साध्या इंग्रजीत काम सांगितलं की चहा येईपर्यंत अख्खं मॉड्यूल हजर होतं, चाचण्यांसकट. मी स्वतः ही साधनं रोज वापरते. केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या माणसाने लिहिलेली, एकही टीप नसलेली प्रोसीजर समजून घ्यायला यांच्यासारखा मदतनीस नाही. तेव्हा यंत्राने लिहिलेलं ते सगळं टाकाऊ, असं म्हणणाऱ्यांत मला धरू नका. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती सांगायची तर दंडव्याजात शिरावं लागेल.

कर्जाचा हप्ता थकला की बँका ठरलेल्या दरावर आणखी टक्का-दोन टक्के चढवायच्या आणि ती रक्कम बाकीत मिसळायच्या. पुढच्या महिन्याचं व्याज त्या फुगलेल्या बाकीवर. 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने हे बंद केलं. दंड घ्या, पण दंड म्हणून वेगळा घ्या. तो व्याजदरात मिसळू नका आणि त्या दंडावर पुन्हा व्याज लावू नका. नव्या कर्जांना हे 1 एप्रिल 2024 पासून लागू झालं आणि जुनी कर्जं उशिरात उशिरा 30 जूनपर्यंत नव्या पद्धतीत आणायची होती. नागरी बँकाही यात आल्या. आधीच मार्च एंड, त्यात हे. तो महिना आमच्या ऑफिसात कसा गेला ते विचारू नका. त्या वेळी आम्ही प्रत्येक कर्जखात्याच्या बाकीचे दोन कप्पे केले. एकावर व्याज चालतं, दुसऱ्यावर चालत नाही.

मध्यंतरी एका बँकेला थकबाकीचा नवा अहवाल हवा होता आणि त्यासोबत दंड आकारणीत थोडा बदल. आमच्याकडच्या एका मुलाने, जो हुशार आहे आणि कामसूही आहे, बँकेच्या पत्रातलं वाक्य एआयला दिलं: दंडाची रक्कम एकूण बाकीत धरावी. दुपारच्या आत कोड माझ्याकडे. नावं नेटकी, टिपा सुबक, चाचण्या सगळ्या हिरव्या. आमच्या त्या दोन कप्प्यांना मात्र कुणी हातच लावला नव्हता. त्यांच्या शेजारी एक नवं फंक्शन उभं राहिलं होतं. त्यात दंड बाकीत मिळवला जात होता आणि महिनाअखेरचं व्याज त्या बेरजेवरून निघत होतं. दंड 500 रुपये आणि दर 12 टक्के धरा, पुढच्या महिन्यात 5 रुपये जास्त. पाच रुपयांसाठी कुठला कर्जदार बँकेत भांडायला येणार आहे? पण अशी आठ हजार खाती असतील तर महिन्याला 40 हजार रुपये नियमाबाहेर वसूल झाले, आणि ते सापडणार तपासणी होईल तेव्हा.

अशी चूक माणूसही करतो, हे मला कुणी सांगायला नको. त्या चुका वाचण्यातच माझ्या नोकरीची वर्षं गेली. पण हाताने लिहिणाऱ्या मुलाला आधी जुनं व्याजाचं फंक्शन उघडावं लागलं असतं, कारण नवं लिहायचा कंटाळा. उघडल्यावर दोन कप्पे दिसले असते. 'हे दोन कशाला?' असं विचारायला तो माझ्याकडे किंवा आमच्या अकाउंट्सवाल्या काकांकडे आला असता, आणि काकांनी त्याला अर्धा तास पिळून परिपत्रक समजावलं असतं. आळसाचा आमच्या धंद्यात एवढा उपयोग होता. जुनं वापरू की नवं लिहू, हा प्रश्न पडायला नवं लिहिणं महाग असावं लागतं. गिटक्लिअर या कंपनीने सुमारे 21 कोटी बदललेल्या ओळींचा जो अभ्यास 2025 मध्ये मांडला, त्यातही हेच दिसतं. आधीचा कोड हलवून, नीट लावून पुन्हा वापरण्याचं प्रमाण 2021 मध्ये पाव हिश्श्याच्या आसपास होतं. 2024 मध्ये ते दहा टक्क्यांच्या खाली आलं. चिकटवलेल्या नकला मात्र वाढल्या. म्हणजे एकच नियम आता चार ठिकाणी लिहिलेला असतो, आणि नियम बदलला की तीनच ठिकाणी बदलतो.

चाचण्या हिरव्या कशा झाल्या, हेही सांगते. कोड एआयने लिहिला आणि तो कोड पाहून चाचण्याही त्यानेच लिहिल्या. आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा आणि आपणच तपासायचा, मग शंभरपैकी शंभर पडणारच. चाचणी परिपत्रकावरून लिहायची असते. परिपत्रक वाचलंस का, असं मी विचारलं. 'मॅडम, त्याचा सारांश काढून घेतला होता,' मुलगा म्हणाला. गंमत म्हणजे सारांश अगदी बरोबर होता. फक्त तो एका खिडकीत होता आणि कोड दुसऱ्या.

लिहिण्याचे श्रम असे नाहीसे होत नाहीत, ते वाचणाऱ्याच्या अंगावर येतात. कर्ल हे सॉफ्टवेअर नेटवरून माहिती आणण्या-नेण्याचं काम करतं. तुमच्या फोनपासून गाडीपर्यंत अब्जावधी उपकरणांत ते बसलेलं आहे. ते सांभाळणारे स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग सुरक्षेतली त्रुटी दाखवणाऱ्याला 2019 पासून बक्षीस देत होते. मग एआयकडून लिहून घेतलेल्या तक्रारींचा पूर आला. भाषा अस्खलित, तांत्रिक शब्द जागच्या जागी, आणि दाखवलेली त्रुटी मुळात नाहीच. अशी तक्रार लिहायला पाठवणाऱ्याची मिनिटं जातात, खोटी ठरवायला सांभाळणाऱ्यांचे तास. जानेवारी 2026 मध्ये त्यांनी बक्षीस योजनाच गुंडाळली. जिथे पैशाचा लोभ नाही अशा आमच्या ऑफिसात तरी वेगळं काय होतंय? मुलं दिवसाला जेवढं पाठवतात तेवढं मी दिवसात वाचू शकत नाही. मग एखादा वरिष्ठ सुचवतो की वाचायलाही एआय लावा. लावते की. तो टायपिंगच्या चुका आणि विसरलेल्या अटी छान पकडतो. दोन कप्पे का केले होते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

वेग वाढल्याची जी भावना होते, तिच्यावरही माझा फारसा विश्वास नाही. मेटर नावाच्या अमेरिकन संस्थेने 2025 च्या सुरुवातीला 16 अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली 246 कामं दिली. काही एआय वापरून करायची, काही न वापरता. एआयमुळे वेळ 24 टक्क्यांनी वाचेल, असा त्यांचा आधीचा अंदाज. कामं झाल्यावर ते म्हणाले, वीसेक टक्के वाचला. घड्याळात पाहिलं तर 19 टक्के जास्त लागला होता. सोळा जणांवरून जगाचा हिशोब मांडू नये, आणि त्यानंतर साधनंही सुधारली आहेत. मला त्यातला खोळंबा महत्त्वाचा वाटत नाही. इतक्या मुरलेल्या माणसांनाही आपण लवकर केलं की उशिरा केलं हे कळलं नाही, ते मला झोंबलं. ज्याला आपला स्वतःचा वेळ मोजता येत नाही, तो बँकेला तारखा कशाच्या आधारावर देणार?

टाकाऊ कामाला स्वस्त कोड उत्तमच. माझ्या भाचीने लग्नातल्या पाहुण्यांच्या खोल्या लावायला एका रात्रीत ॲप बनवलं, एक ओळही न वाचता. लग्न झालं, ॲप संपलं. आंद्रे कार्पथी यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये 'व्हाइब कोडिंग' हा शब्द रूढ केला, तेव्हा त्यांनी तो सुट्टीतल्या वापरून फेकायच्या प्रकल्पांच्याच संदर्भात वापरला होता. शब्द सगळ्यांनी उचलला, संदर्भ मागे राहिला. कर्जखातं वीस वर्षं चालतं. ते लिहिणारा दोन वर्षांत बंगळुरूला जातो.

डेन्मार्कच्या पीटर नाऊर यांनी 1985 मध्ये एक निबंध लिहिला होता. प्रोग्राम म्हणजे कागदावरचा मजकूर नव्हे. तो असा का आहे, जगातल्या कुठल्या गोष्टीशी त्याचा कुठला भाग जुळतो, याची बनवणाऱ्यांच्या डोक्यातली समज म्हणजे प्रोग्राम, असं त्यांचं म्हणणं. ती समज असलेली माणसं पांगली की मजकूर शिल्लक राहूनही प्रोग्राम मरतो. पूर्वी अशी समज निदान एकदा, लिहिताना, कुणाच्या तरी डोक्यात तयार व्हायची. आता ती कुणाच्याच डोक्यात नसलेला कोड पहिल्याच दिवशी बँकेत लागू शकतो.

आणि ही समज येते कुठून? नव्या मुलांना आम्ही पूर्वी किरकोळ कामं द्यायचो. अहवालातला रकाना सरकवा, व्याजातला दहा पैशांचा फरक शोधा. दहा पैसे शोधताना पोरगं दोन दिवस खपायचं आणि त्या दोन दिवसांत अख्खं खातं त्याच्या हाताखालून जायचं. ही कामं आता एआयची झाली, कारण दोन दिवसांचं पोराचं वेतन परवडत नाही म्हणतात. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला आपल्या संगणकावरचं लॉगिन अर्ध्या सेकंदाने रेंगाळतंय असं जाणवलं. त्याला कुणी ते तपासायला सांगितलं नव्हतं. त्याने धागा धरला आणि एक्सझेड नावाच्या, जगभरच्या लिनक्स यंत्रणांत वापरल्या जाणाऱ्या साधनात कुणीतरी मुद्दाम पेरलेलं चोरदार उघड केलं. अर्धा सेकंद खटकायला आधी पूर्वीचा वेग अंगात मुरलेला असावा लागतो. तसं मुरायला आम्ही पोरांना वेळच ठेवलेला नाही, आणि पाच वर्षांनी माझ्या खुर्चीत बसायला माणूस मिळत नाही म्हणून ओरडणार आहोत.

दोष पोरांना देऊन भागणार नाही, कारण हा शेवटी दराचा प्रश्न आहे. परवा एका बँकेच्या संचालक मंडळासमोर दरपत्रक घेऊन गेले होते. अध्यक्ष म्हणाले, 'मॅडम, आता सगळं एआय करतं म्हणे. मग निम्म्यात द्या.' मी म्हटलं, लिहिण्याचे निम्मेच काय, पाव घ्या. वाचण्याचे वाढवून द्या. या वर्षीपासून आम्ही दरपत्रकात वाचन आणि पडताळणीची ओळ वेगळी दाखवतो. नियम कुठल्या परिपत्रकातला, चाचणी कुणी लिहिली, कोड समजावून सांगू शकणारा माणूस कोण, हे त्याखाली नावानिशी लिहितो. काही मंडळांनी ती ओळ मान्य केली आहे. या मंडळाने नेमकी तीच खोडली. ती खोडून काम घ्यायला मी आमच्या मालकांना नकार द्यायला लावला, आणि त्यावरून आमच्यात आठवडाभर वाजलं. ते काम आता दुसऱ्या कंपनीकडे गेलंय, सांगितलेल्या निम्म्या दरात. मालक अजून माझ्याशी मोजकंच बोलतात.