आमटी यायलाच हवी

बूट चमकवणे, बिछाना नीट लावणे आपण शाळेत शिकतो. पण भूक लागली की मेसची घंटा, आणि सुट्टीत घरी आई! माझ्या मते प्रत्येक कॅडेटला निदान आमटी करता यायलाच हवी. दिल्लीत आर. के. पुरमला आमच्या घराजवळ तूरडाळ 'अरहर' म्हणून मिळते, एवढाच फरक. एक वाटी डाळ, तीन वाट्या पाणी, हळद. कुकरच्या चार शिट्ट्या. मग मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी, गोडा मसाला, मीठ, चिंच, गूळ आणि एक उकळी. 'हे मुलांचे काम नाही' असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, लष्कराच्या लंगरात स्वयंपाक जवानच करतात. तिथे कमीपणा नाही, मग घरी का? येत्या सुट्टीत आईला बसवा आणि पळी आपल्या हातात घ्या.