गल्ल्यातली नाणी: छंद करा, धंदा समजू नका
गल्ल्यातलं नाणं पुढे देण्याआधी सालाखालची खूण बघा. हिरा म्हणजे मुंबई टांकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा. खूणच नसेल तर कोलकाता. चारही खुणा जमवा. खर्च दर्शनी किमतीइतकाच, आणि नजर तयार होते ती वेगळी.

पण याला धंदा समजू नका! 'वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखोंना जातं' म्हणणाऱ्याला एकच विचारा: गिऱ्हाईक कुठंय? तो आधी तुमच्याकडूनच 'रजिस्ट्रेशन फी' मागेल. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच अशा फसवणुकीबद्दल सावध केलंय. माल घेणारा पैसे देतो, मागत नाही. हा नियम प्रत्येक 'ऑफर'ला लावा, भांडवल वाचेल.