बर्फात खेळ, कायद्यात शेतीचं साधन, जंगलात गुन्हा : भरमार बंदुकीचा विषय नेमका काय आहे?

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला व्हरमाँट नावाचं छोटं राज्य आहे. हिवाळ्यात तिथे गुडघाभर बर्फ साचतो आणि त्या बर्फात एक भन्नाट स्पर्धा भरते. स्पर्धकांच्या पायात रॅकेटसारख्या दिसणाऱ्या रुंद जाळीच्या पट्ट्या, म्हणजे स्नोशू, आणि खांद्यावर दोनशे वर्षांपूर्वीच्या धाटणीची बंदूक. बर्फातून पळायचं, ठरलेल्या ठिकाणी थांबून नेम धरायचा आणि पुन्हा पळायचं. या खेळाचं नाव प्रिमिटिव्ह बायथलॉन. काही हौशी लोक तर जुन्या काळच्या शिकाऱ्यांचे कपडे घालून येतात.

या स्पर्धेतली बंदूक आपल्याकडे कुणाला नवी नाही. पुस्तकी मराठीत ती ठासणीची बंदूक आणि विदर्भात भरमार. भंडारा जिल्ह्यात लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीत हा शब्द उच्चारला, तर खेळ कुणालाच आठवणार नाही. आठवेल ती धानात घुसणारी रानडुकरं, शिकारीच्या बातम्या आणि शेजारच्या गडचिरोलीतल्या चकमकीनंतर पोलिसांनी मांडून ठेवलेली हत्यारं.

बंदूक एकच असताना एका ठिकाणी ती खेळ आणि दुसरीकडे गुन्हा कशी ठरते? आणि दिघोरीच्या एखाद्या पोराला किंवा पोरीला अशा स्पर्धेत उतरायचं असेल, तर रस्ता आहे का?

ही स्पर्धा अवघड का असते?

ऑलिम्पिकमध्ये बायथलॉन १९६० पासून आहे. त्यात बर्फावर स्कीइंग करायचं आणि मध्येमध्ये थांबून पॉइंट २२ रायफलने नेम साधायचा. रायफल आधुनिक असल्यामुळे एकामागून एक गोळ्या झाडता येतात.

ठासणीच्या बंदुकीत ती सोय नसते. आधी नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची. मग कापडाच्या तुकड्यात शिशाची गोळी ठेवून ती गजाने तळापर्यंत ठासायची. मागच्या बाजूला टोपी किंवा चकमक तयार ठेवायची आणि मग कुठे नेम धरायचा. एवढं करून बार एकच निघतो. पुढच्या बारासाठी सगळं पहिल्यापासून.

थंडीने बोटं बधिर झालेली, पळून पळून छाती धडधडणारी, हात थरथरणारे. त्यामुळे नुसता वेगवान धावणारा इथे जिंकत नाही आणि नुसता चांगला नेमबाजही नाही. जो श्वास आवरतो, तो जिंकतो. सुरक्षेचा नियमही कडक असतो. बंदूक भरायची ती फक्त नेम धरायच्या जागेवर, पळताना ती रिकामीच हवी.

तिथे खेळ, मग इथे परवाना का?

खरा फरक बर्फाचा नाही, कायद्याचा आहे.

अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये जुन्या धाटणीच्या, काळ्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या बंदुकांना सहसा ‘फायरआर्म’ मानलं जात नाही. व्हरमाँटमध्ये हरणांच्या शिकारीसाठी या बंदुकीचा वेगळा हंगामसुद्धा असतो. थोडक्यात, तिथे ती लोकांच्या घरात आधीपासून होती आणि खेळ नंतर तयार झाला.

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ लागू आहे. त्यात ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे, पण खेळासाठी नाही. कलम १३ नुसार भारतीय नागरिकाला खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. त्याच कलमात नेमबाजीच्या सरावाचीही तरतूद आहे, मात्र ती पॉइंट २२ रायफल आणि एअर रायफलसाठी, तीसुद्धा मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यांना.

म्हणजे कायद्याने दोन वाटा आधीच वेगळ्या केल्यात. भरमार शेतासाठी, रायफल क्लबसाठी. कोकणात, खासकरून सिंधुदुर्गात, शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका आजही चर्चेत असतात. निवडणूक आली की त्या जमा करण्यावरून दरवेळी वाद होतो.

परवाना असला की रानडुक्कर मारता येतं का?

नाही. सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो.

बंदूक जवळ ठेवण्याची परवानगी आणि प्राणी मारण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रानडुकराला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं संरक्षण आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याचा समावेश अनुसूची २ मध्ये झालाय. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या अशा प्राण्याला मारायचं असेल, तर कलम ११ नुसार वन विभागाची परवानगी लागते. जुलै २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने रानडुक्कर आणि रोही म्हणजे नीलगाय यांच्यासाठी ही परवानगी कशी द्यायची, याचा शासन निर्णय काढला होता.

पण रात्री दोन वाजता बांधीत डुकरांचा कळप शिरला, तर अर्ज घेऊन जायचं कुणाकडे? हा शेतकऱ्याचा प्रश्न खरा आहे. यातूनच काही जण कुंपणात वीज सोडण्याचा जीवघेणा मार्ग धरतात. त्या तारेला डुक्कर, वाघ आणि माणूस यांतला फरक कळत नाही. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा बछडा श्रीनिवास एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड भागात अशाच तारेने मेला.

नुकसानभरपाईच्या बाजूने मात्र एक हालचाल झालीय. वन्यप्राण्यांनी केलेलं पिकाचं नुकसान खरीप २०२६ पासून पंतप्रधान पीक विमा योजनेत घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्यासाठी ७२ तासांच्या आत ॲपवर फोटोसह माहिती द्यावी लागेल. धानाच्या बांधीत पाणी साचून होणारं नुकसानही पुन्हा विम्यात घेतलंय. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यासाठी या दोन्ही गोष्टी बंदुकीपेक्षा जास्त कामाच्या आहेत.

रील टाकण्याआधी हे वाचा

आजोबांच्या काळातली भरमार माळ्यावर सापडली आणि तिच्यासोबत रील टाकली, तर काय होईल? बंदूक चालू स्थितीत असेल आणि परवाना नसेल, तर तो गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास किमान २ आणि कमाल ५ वर्षांची कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. लग्न-वरातीत हौसेने बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘आमच्या घरची जुनी आहे’ म्हटल्याने सुटका होत नाही.

मग दिघोरीतून स्पर्धेत उतरायचं तर?

भरमार घेऊन जाण्याचा रस्ता नाही, पण त्याच जातकुळीचे तीन रस्ते आहेत.

पहिला लेझर रनचा. मॉडर्न पेंटॅथलॉनमधल्या या प्रकारात धावायचं, १० मीटरवरून लेझर पिस्तुलाने लक्ष्य साधायचं आणि पुन्हा धावायचं. प्रिमिटिव्ह बायथलॉनचा गाभा हाच, फक्त बर्फ आणि धूर वजा. दारू नाही, गोळी नाही, म्हणून शस्त्र परवान्याचा प्रश्नही नाही. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मॉडर्न पेंटॅथलॉन होतं आणि २२८ पदकांसह महाराष्ट्र त्या स्पर्धेत पहिला आला होता.

दुसरा रस्ता एअर रायफलचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने ऑलिम्पिक कांस्यपदक जिंकलं. खेडेगावातून इथवर पोहोचता येतं, हे त्याने दाखवलं. पण रायफल, जॅकेट, गोळ्या यांचा खर्च मोठा असतो हेही तितकंच खरं.

तिसरा रस्ता बर्फाचा. २०२० मध्ये गुलमर्गला पहिल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा झाल्या आणि त्यात स्नोशू शर्यतही होती.

या तिन्हींसाठी लागणारा अर्धा माल गावांमध्ये आधीच तयार आहे. पोलीस भरतीसाठी मुलं १६०० मीटर आणि मुली ८०० मीटरची तयारी करतातच. भल्या पहाटे रस्त्यावर धावणारी ही पोरं भरती हुकली की धावणं सोडून देतात. तालुक्याच्या क्रीडा संकुलात लेझर रनचं एक लक्ष्य आणि दोन पिस्तुलं आली, तरी त्या धावण्याला दुसरा अर्थ मिळू शकतो.

खेळ नियमात बसवला की टिकतो, हे झाडीपट्टीला सांगायची गरज नाही. धान निघाल्यावर भरणारे शंकरपट ७ मे २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बंद पडले होते. राज्याने कायदा बदलला, अटी घातल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. आज पट भरतात ते त्या अटींवर.

भरमारीचं तसं होण्याची चिन्हं नाहीत आणि तशी मागणीही कुणाची नाही. ती माळ्यावर असेल तर पोलीस ठाण्यात जमा करणं हाच शहाणपणा. गडचिरोलीत अनेक गावकऱ्यांनी तेच केलंय. डुकरांचा प्रश्न वन विभागाने आणि विमा कंपनीने वेळेत सोडवायचा आहे. आणि पळून नेम साधायची हौस असेलच, तर तिच्यासाठी ना दारू लागते ना बर्फ. लागतं ते मैदान, एक लक्ष्य आणि शिकवणारा माणूस.