शंभरात किती, ते सांगा

31 मे 2009 रोजी पॅरिसच्या लाल मातीवर रॉबिन सॉडरलिंगने राफाएल नदालला हरवले आणि टेनिसच्या भाकितांची टर उडवणाऱ्यांना कायमचा दाखला मिळाला. तोवर रोलाँ गॅरोसच्या त्या स्पर्धेत नदाल एकही सामना हरला नव्हता. ओळीने 31 जिंकला होता. महिनाभरापूर्वी रोममध्ये त्याने याच सॉडरलिंगला 6-1, 6-0 असे लोळवले होते. सगळा पुरावा एकीकडे, निकाल दुसरीकडे. म्हणून पूर्वपक्ष म्हणतो : पुरुषांच्या टेनिसचा अंदाज बांधणे हा कुडमुड्या जोशाचा धंदा.

मला हे पटत नाही. पण टीव्हीवर बसून ‘आज अमुकच जिंकणार’ असे ठणकावणाऱ्यांची वकिलीही मी करणार नाही. ते भाकीत करत नाहीत, नुसते नाव घेतात. त्यांचा लाडका आधार म्हणजे दोघांच्या जुन्या लढतींचा हिशेब. नदाल-फेडररचाच घ्या : 40 सामने, नदाल 24, फेडरर 16. आता मातीवरचे 16 सामने बाजूला काढा. त्यांतले 14 नदालचे. उरलेल्या 24 मध्ये फेडरर 14, नदाल 10! मातीवर चेंडू उंच उसळतो आणि नदालचा टॉपस्पिन फेडररच्या एकहाती बॅकहँडला खांद्यापाशी गाठतो. हिरवळीवर तोच चेंडू खाली राहतो. विंबल्डनचा अंदाज करायला 24-16 हा आकडा घेऊन बसणाऱ्याने कोर्ट पाहिलेलेच नसते.

मोजायचेच तर सर्व्हिसवरचे गुण मोजावेत, तेही त्याच जातीच्या कोर्टवरचे. सर्व्हिस करणारा 100 पैकी 60 गुण जिंकत असेल, तर तो 100 पैकी सुमारे 74 गेम राखतो. 65 जिंकत असेल, तर 83. गुणांतला चिमूटभर फरक गेममध्ये मूठभर होतो. पाच सेटांमुळे बलवानाला सावरायला जागाही मिळते : प्रत्येक सेट जिंकण्याची शक्यता 60 टक्के धरली, तर तीन सेटांचा सामना जिंकण्याची 65 होते, पाच सेटांचा 68.

यावर 2019 च्या विंबल्डनचा अंतिम सामना हमखास पुढे केला जातो. फेडररचे गुण 218, जोकोविचचे 204, आणि चषक जोकोविचचा. पाचवा सेट, 8-7, सर्व्हिस फेडररची, 40-15. एक फोरहँड बाहेर गेला. पुढच्या गुणाला तो नेटकडे धावला आणि जोकोविचने चेंडू तिरका त्याच्या बाजूने काढला. मग आकडे खोटे ठरले? मुळीच नाही. फेडररने दुसरा सेट 6-1 असा घेतला, पण त्यातली शिल्लक टायब्रेकच्या खात्यात जमा होत नाही, आणि तिन्ही टायब्रेक जोकोविचने जिंकले. त्या 40-15 ला कोणी फेडररला 100 पैकी 90 हून जास्त दिले असते, तर ते बरोबरच होते.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे : शक्यता सांगणे ही पळवाट, काहीही झाले तरी सांगणारा मोकळा. एका सामन्यापुरते हे खरे आहे. म्हणून तर वही ठेवायची. ज्या ज्या सामन्यांत 70 लिहिले, ते सगळे एकत्र काढा; त्यांतले सुमारे 70 टक्के तुमच्या माणसाने जिंकलेले हवेत. नव्वद टक्के जिंकले असतील, तरीही तुमचा अंदाज चुकला, तुम्ही भित्रे ठरलात. नुसते नाव घेणाऱ्याला अशी परीक्षा कधीच द्यावी लागत नाही. त्याची चूक दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही नसते.

2009 च्या त्या सकाळी वहीत कोणी ‘नदाल, 100 पैकी 95’ असे लिहिले असते, तर ती नोंद खोडायचे कारण नव्हते. रोलाँ गॅरोसवर नदाल कारकिर्दीत 116 सामने खेळला. हरला चार.