दात बघता, गाल कोण बघणार?



लग्नसराई तोंडावर आली की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या पार्लरांच्या दरपत्रकात मेंदी-फेशियलच्या खाली ‘दात शुभ्र करून मिळतील’ अशीही ओळ दिसू लागते. केस रंगवतो तसेच हे, एवढा बाऊ कशाला, असे यावर ऐकवले जाते. पण केस निर्जीव असतो. दातात जिवंत नस असते.

दात पांढरे करून घेण्याला माझा विरोध नाही. दंतवैद्याने दात शुभ्र करणारे पेरॉक्साइड बेताने वापरले, तर थोडे दिवस थंड पाणी झोंबते, इतकेच. हिरडी नीट झाकली नाही तर मात्र ती भाजते. शेजारच्या एका मुलीच्या हिरड्यांवर साखरपुड्याच्या आदल्या दिवशी पांढरे चट्टे उठले. शिवाय पुढच्या दाताची कॅप होती तशीच पिवळट राहिली, कारण कॅपवर ब्लीच चालतच नाही. हे तिला आधी सांगणारे पार्लरमध्ये कोणी नव्हते. युरोपीय महासंघात ०.१ ते ६ टक्के पेरॉक्साइडचे उत्पादन फक्त दंतवैद्यालाच विकता येते, आणि अठरा वर्षांखालील मुलांवर ते वापरता येत नाही. घरच्या लिंबू-सोड्याचे, कोळशाच्या पुडीचे तर नावच नको. त्याने वरचे कवच झिजते आणि आतला पिवळा थर जास्तच दिसू लागतो.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच आहे. निपाणीची तंबाखू हाकेच्या अंतरावर. ती तव्यावर भाजून केलेली मिसरी करवीर-पन्हाळ्याकडच्या कितीतरी बायका आजही सकाळी बोटाने दातांवर फिरवतात, तेही दात स्वच्छ होतात म्हणून! तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट-दंतमंजनावर केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. मिसरी मात्र तंबाखू म्हणून विकली जाते आणि सुटते. अशा तोंडात गालाच्या आतला, पुसून न जाणारा पांढरा चट्टा ही कर्करोगाची पूर्वखूण असू शकते. पार्लरवाली दातांची छटा बघते. गाल उलटून बघणे तिचे काम नाही, आणि बघितला तरी ती ओळखणार कशी?

अन्न व औषध प्रशासनाने पार्लरमधल्या बाटल्या तपासाव्यात, पेरॉक्साइडचे प्रमाण लेबलवर आहे का ते पाहावे. शहरातल्या दंतवैद्यांनीही आपले दर दारावर लावावेत. खर्चाचा अंदाज येत नाही, म्हणूनच पुष्कळजण दवाखान्याची पायरी न चढता पार्लरमध्ये शिरतात.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर