दुरुस्तीच्या पुढे

रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत शिरूर-दौंडची मुले तिन्ही पाळ्यांना कामाला जातात. गाड्या, फ्रीज, रसायने त्यांच्या हातून बाहेर पडतात. ज्या यंत्रांवर ती राबतात, ती यंत्रे घडवण्याचे काम मात्र अजून आपल्याकडे नीट रुजलेले नाही, आणि या दुखण्याचे मूळ गिरण्यांच्या काळात आहे.

कापडाची यंत्रे आणि त्यांचे आराखडे देशाबाहेर जाऊ नयेत, म्हणून इंग्लंडने अठराव्या शतकातच कायदे केले होते. यंत्रांवरची बंदी उठली १८४३ साली. त्यानंतर अकरा वर्षांनी कावसजी दावरांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला चात्या फिरू लागल्या. यंत्रे होती ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची.

हे प्लॅट कोण? घराण्याचा मूळ पुरुष हेन्री प्लॅट लोहार होता. सूतकताईचे यंत्र काढणारा हारग्रीव्ह्ज विणकर आणि सुतार. आर्कराइटच्या कताईयंत्राचे पहिले रूप जॉन के या घड्याळजीच्या हातचे. या कारागिरांचे गिऱ्हाईक शेजारीच असे. चाकाचा दाता तुटला की गिरणीवाला तो घेऊन दारात हजर, आणि पुढच्या चाकाचा दाता जाड व्हायचा. आपल्या गिरण्यांतही मिस्त्री तुटलेला दाता कानशीने घासून बसवत होता आणि यंत्र पुन्हा चालू करत होता. पण नवे यंत्र कसे असावे, हे त्याला कोणी विचारले नाही. हात आपल्याकडेही होतेच. त्यांना दुरुस्तीपाशीच थांबवले गेले.

दुरुस्तीपाशी न थांबलेले हात कुठवर जातात ते पाहा. १९२९ साली जपानच्या साकिची टोयोडा या सुताराच्या मुलाच्या स्वयंचलित मागाचे हक्क खुद्द प्लॅटनी एक लाख पौंडांना विकत घेतले. त्याच वर्षी गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. अट अशी: आठ तासांत सोळा हजार फूट सूत, किंमत दीडशे रुपयांच्या आत, आयुष्य वीस वर्षे. काळे नावाच्या गृहस्थांनी किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात तसा चरखा घडवला. तो कसोटीला उतरला नाही आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही. तरीही त्या खटपटीचे मोल मला फार वाटते. नांगर ओतणाऱ्या मराठी कारखान्याने सूतयंत्र विकत न आणता घडवायला घेतले! बक्षिसापेक्षा त्या कारखान्याला रोज तक्रार घेऊन येणारे गिऱ्हाईक लाभायला हवे होते.

असे गिऱ्हाईक दौंड तालुक्यात आज आहे. केडगाव परिसरातल्या गुऱ्हाळांच्या चरकाची लाट झिजली की वेल्डिंगवाल्याकडे जाते. शिरूरच्या कांदा उत्पादकाला प्रतवारीचे यंत्र हवे असते. हे वर्कशॉपवाले पत्रा कापतात, शाफ्ट खरादतात. पण पोलाद कोणत्या जातीचे, ते किती कठीण, हे तपासायची सोय त्यांच्या आवाक्यात नाही आणि संगणकावर आराखडा काढून देणारा माणूस परवडत नाही. एमआयडीसीने रांजणगाव किंवा कुरकुंभला या दोन्ही सोयी असलेली एक टूलरूम उभारावी, तासाच्या माफक भाड्याने ती गावच्या वर्कशॉपला खुली ठेवावी, आणि शिरूर-दौंडच्या आयटीआयमधल्या फिटर-टर्नरना शेवटचे सहा महिने तिथे चरक घडवायला लावावे.